व्याह्यांकडचा शिपाई

विहीणबाईंच्या स्वयंपाकघरात चहाची किटली एका जाड, काळपट तबकडीवर ठेवलेली असते. लेकीच्या लग्नाला चार वर्षं झाली, पण ती तबकडी मी नीट पाहिलीच नव्हती. गेल्या नाताळात किटली उचलली आणि खाली सिंह दिसला. सिंहाशेजारी हातात त्रिशूळ घेतलेली बाई. क्षणभर मला वाटलं, इंग्लंडातल्या सॉमरसेटच्या खेड्यात ही दुर्गा कुठून आली? ती ब्रिटानिया निघाली, म्हणजे ब्रिटनची भारतमाता. कडेनं इंग्रजीत कोरलं होतं की हा स्वातंत्र्य आणि सन्मानासाठी मेला, आणि एका चौकटीत उठावाच्या अक्षरांत नाव. नुसतं नाव, हुद्दा नाही.

पहिल्या महायुद्धात मेलेल्यांच्या घरी सरकारनं अशा तेरा लाखांहून जास्त तबकड्या पाठवल्या. तिकडे लोक तिला ‘डेड मॅन्स पेनी’ म्हणत, म्हणजे मेलेल्याचा पैसा. विहीणबाई म्हणाल्या, “हे आमच्या आजोबांचे धाकटे भाऊ. इराकमधल्या कुतला पडले म्हणतात.” जावईबापूंनी तिथल्या तिथे, युद्धात मेलेल्या शिपायांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणाऱ्या राष्ट्रकुलच्या युद्धस्मृती आयोगाच्या यादीत नाव शोधलं आणि मला विचारलं, “आई, ही ‘कर्की’ कुठे आली?”

कर्की म्हणजे आपली पुण्यातली खडकी. विश्रांतवाडीहून होळकर पुलाकडे जाताना जी पांढऱ्या दगडांची हिरवीगार युद्धस्मशानभूमी लागते, तिथल्या भिंतीवर या माणसाचं नाव होतं आणि तीस वर्षं मी त्या भिंतीवरून पीएमटीच्या बसनं गेले होते. शेवट माझ्या घराशेजारी आणि सुरुवात त्यांच्या घराशेजारी, मधलं सगळं गायब. माझी नोकरी सरकारी रेकॉर्ड रूममध्ये गेली. मधला फेरफार सापडत नाही म्हटलं की मला झोप लागत नाही. मे महिन्यात लेकीकडे गेले तेव्हा एक आठवडा त्यासाठीच काढून ठेवला.

मंगळवार, क्यू

ब्रिटनचं राष्ट्रीय अभिलेखागार लंडनच्या नैर्ऋत्येला क्यू इथे आहे. क्यू गार्डन्स स्टेशनवर उतरून दहा मिनिटं चालायचं. रविवार-सोमवार बंद, म्हणून आम्ही मंगळवार धरला. जावईबापूंनी रजा घेतली होती. (जावयाला ‘तुम्ही’ म्हणावं हे आईनं शिकवलेलं, आणि याचं वय चौतीस. इंग्रजीत बोलताना हा पेच आपोआप सुटतो, मराठीत लिहिताना परत उभा राहतो.)

दारात तळं, तळ्यात पक्षी, आत शुल्क नाही. वाचकाचं ओळखपत्र काढायला नावाचा एक पुरावा आणि पत्त्याचा एक. वाचनकक्षात पेन नाही, फक्त पेन्सिल. खोडरबरही नाही, आणि सामान पारदर्शक पिशवीत. खोडरबराची बंदी वाचून मला त्या इमारतीबद्दल एकदम आपलेपणा वाटला. कागद सांभाळणाऱ्यालाच कळतं की शाईपेक्षा खोडणारा हात जास्त धोक्याचा.

आधी संगणकावर सेवापुस्तिका शोधली. पहिल्या महायुद्धातल्या साध्या शिपायांच्या सेवापुस्तिका ‘डब्ल्यूओ ३६३’ या मालिकेत आहेत. जाणकार तिला सरळ ‘जळके कागद’ म्हणतात. सप्टेंबर १९४० मध्ये जर्मन विमानांनी लंडनवर बॉम्ब टाकले तेव्हा वॉलवर्थमधल्या आर्नसाइड स्ट्रीटवरचं युद्धखात्याचं गोदाम पेटलं. साधारण साठ टक्के सेवापुस्तिका त्यात गेल्या. उरलेल्या काही आगीनं करपल्या, काही आग विझवणाऱ्या पाण्यानं भिजल्या. मूळ कागद आता हातात देत नाहीत, त्यांची चित्रंच पाहायची.

त्यांचं आडनाव मी सांगत नाही. सॉमरसेटमध्ये दगड भिरकावला तर त्या आडनावाच्या माणसाला लागेल इतकं ते साधं आहे. त्या नावाचे चार शिपाई सापडले. एकेकाचं पान उघडलं. कडा तव्यावर विसरलेल्या भाकरीसारख्या काळ्या, मध्ये पाण्याचा तपकिरी नकाशा, आणि नेमकं जिथे गाव लिहायचं तिथे भोक. एकाची उंची कळली, एकाच्या डाव्या दंडावरचं गोंदण कळलं, एक जण दारू पिऊन चार दिवस कोठडीत होता हेही कळलं. आमचा माणूस त्या चौघांत नव्हता. आमचा जळला होता.

जावईबापूंचा चेहरा पडला. मी म्हटलं, थांबा. सातबारा हरवला म्हणून जमीन नाहीशी होत नाही. सरकारनं एका माणसावर एकच कागद केला, असं जगात कुठेही झालेलं नाही.

पदकांची पत्रकं मात्र त्या आगीतून बचावली. ‘डब्ल्यूओ ३७२’. प्रत्येक शिपायाचं एक लहानसं कार्ड: नाव, रेजिमेंट, हुद्दा, क्रमांक, पदकं. इथे एकाच नावाची अर्धा डझन कार्डं निघाली, पण आमच्याकडे एक फोटो होता. फोटोतल्या टोपीवर बिल्ला, बिल्ल्यावर शिंग आणि त्यावर किल्ल्याच्या तटासारखा मुकुट. ही खूण सॉमरसेट लाइट इन्फंट्रीची. १८४२ साली अफगाणिस्तानात जलालाबादचा वेढा या पलटणीनं सोसला, त्याबद्दल तो तटाचा मुकुट मिळाला. बिल्ल्यावर ‘जलालाबाद’ असं लिहिलेलंही असतं. त्या रेजिमेंटचं एकच कार्ड उरलं. चार आकडी क्रमांक, हुद्दा प्रायव्हेट, म्हणजे साधा शिपाई.

आणि पदकं दोनच. जावईबापू म्हणाले, १९१४ मध्ये देश सोडला असं घरात सांगतात, मग १९१४-१५ चा तारा हे तिसरं पदक का नाही? हे कोडं तिथल्या मदतकक्षातल्या बाईंनी अर्ध्या मिनिटात सोडवलं. प्रादेशिक सेनेच्या, म्हणजे अर्धवेळ स्वयंसेवकांच्या, पलटणी १९१४ च्या शेवटी हिंदुस्थानात पाठवल्या, कारण तिथल्या कसलेल्या गोऱ्या पलटणी युद्धमंत्री किचनेरला फ्रान्सकडे हव्या होत्या. पण वायव्य सरहद्द सोडली तर हिंदुस्थान ही रणभूमी धरली जात नव्हती. तिथे वर्षभर पहारा करून, उन्हानं भाजून निघालं तरी तारा नाही. रणभूमीवर पाय ठेवला १९१६ मध्ये, म्हणून फक्त दोन पदकं. म्हणजे नसलेल्या पदकानंच त्यांचं १९१५ साल कुठे गेलं ते सांगितलं.

एक क्रमांक, एक रेजिमेंट आणि एक वजाबाकी. पहिल्या दिवसाला वाईट नाही. बाहेर तळ्याकाठी बसून थालीपीठ खाल्लं.

बुधवार, पुन्हा क्यू

आज खरा कागद हातात येणार होता. प्रत्येक पलटण रोजची युद्धडायरी लिहायची, त्या ‘डब्ल्यूओ ९५’ मध्ये आहेत. आदल्या दिवशी मागणी नोंदवली की तुमच्या आसनाच्या क्रमांकाच्या कपाटात पेटी येऊन थांबते. आमच्याकडे दप्तराचे रुमाल असतात, इथे करड्या पुठ्ठ्याची पेटी आणि पांढरी फीत. गाठ मात्र तीच. सोडताना बोटांना ओळखीचं वाटलं.

आमचे प्रायव्हेट होते पहिल्या-चौथ्या (१/४) बटालियनमध्ये, म्हणजे चौथ्या बटालियनच्या पहिल्या फळीत. तिचं ठाणं बाथ शहरात. ९ ऑक्टोबर १९१४ ला जहाज निघालं, ९ नोव्हेंबरला मुंबईला लागलं. प्रादेशिक सेनेच्या शिपायावर परदेशी जाण्याची सक्ती नव्हती. जायचं असेल तर वेगळ्या कागदावर सही द्यावी लागे. म्हणजे या विशीतल्या पोरानं कुठेतरी ती सही केली होती. तो कागदही जळलाच असणार. २३ फेब्रुवारी १९१६ ला बटालियन बसऱ्याला उतरली. वर तैग्रिस नदीच्या काठी कुत इथे सहावी पुणे डिव्हिजन तुर्कांच्या वेढ्यात अडकली होती आणि तिला सोडवायला मिळेल ती पलटण पुढे ढकलली जात होती. सुटका झाली नाही. २९ एप्रिलला कुत पडलं.

त्या वेढ्यात आपले लोक होते. १०३ वी, ११० वी आणि ११७ वी मराठा. सातारा, रत्नागिरी, कोल्हापूरकडची पोरं. हे मला ठाऊक होतं, पण एका गोऱ्या शिपायाचा माग काढताना ती वाटेत अशी भेटतील हे ध्यानात आलं नव्हतं.

डायरी पेन्सिलीची, काही पानं कार्बनची. छापील नमुना सी २११८, डावीकडे जागा आणि तारीख, उजवीकडे हकिगत. मी तीन तास पानं उलटली. अधिकारी आजारी पडला की नावानिशी नोंद. शिपाई आजारी पडले की आकडा. इतके रुग्णालयात गेले, इतके परत आले. ही काही या एका बटालियनची खोड नाही, सगळ्याच डायऱ्या अशा. आमचे प्रायव्हेट त्या उन्हाळ्यातल्या कुठल्यातरी आकड्यात आहेत. कुठल्या, ते कळायची सोय नाही.

मला एकदम साताऱ्याकडच्या गावांतले दगड आठवले. शाळेच्या नाहीतर चावडीच्या भिंतीत बसवलेली संगमरवरी पाटी: या गावातून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात इतके गेले, पैकी इतके कामी आले. नाव एकाचंही नाही. अपशिंग्याचे तर सेहेचाळीस कामी आले. आणि तिकडे बसऱ्याच्या स्मारकावर इंग्रज शिपायाचं नाव कोरलंय, हिंदी पलटणीखाली मात्र अधिकाऱ्यांची नावं आणि पुढे ‘इतर हिंदी शिपाई’ म्हणून संख्या. आयोगानं २०२१ मध्ये अहवाल काढून ही विषमता कबूल केली. मी जावयांना हे सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, मग म्हणाले, “म्हणजे आपण ज्याला शोधतोय त्याचं नशीब चांगलं.” मी म्हटलं, नशीब नाही, यादी करणारा चांगला. थोडं तोडून बोलले. पण खोटं बोलले नाही.

परतीच्या गाडीत दोघंही गप्प होतो.

रात्री लेकीनं वातावरण हलकं केलं. ती हिशेबात पक्की. मेलेल्या शिपायाचा राहिलेला पगार आणि युद्धोत्तर बक्षिसी कुणाला दिली याची खातेवही लंडनच्या आर्मी म्युझियमकडे आहे आणि तिची चित्रं घरबसल्या पाहता येतात. आमच्या माणसाच्या बक्षिसीचे साडेअकरा पौंड त्याच्या आईला मिळाले होते. आता या बक्षिसीला ठरलेला दर होता. परदेशी गेलेल्या साध्या शिपायाला पहिल्या वर्षाचे पाच पौंड, पुढे प्रत्येक महिन्याला दहा शिलिंग. लेकीनं पाकिटाच्या मागे मांडलं: साडेअकरातून पाच गेले, साडेसहा राहिले, म्हणजे तेरा महिने. बारा अधिक तेरा पंचवीस. मृत्यू ऑगस्ट १९१६. पंचवीस महिने मागे मोजत गेलं की ऑगस्ट १९१४, युद्ध पुकारलं तो महिना. सेवापुस्तिका जळली, तरी त्याची युद्धातली नोकरी कुठल्या महिन्यापासून धरली ते त्याच्या आईला मिळालेल्या पैशात शिल्लक होतं. जावईबापूंनी ते पाकीट घडी करून खिशात ठेवलं.

गुरुवार, ब्रिटिश लायब्ररी

युस्टन रोडवर लाल विटांची मोठी इमारत, अंगणात कंपास घेऊन वाकलेला न्यूटनचा प्रचंड पुतळा. इंडिया ऑफिसचं सगळं दप्तर इथे आहे. कंपनी सरकारच्या काळापासून हिंदुस्थानात जे गोरे जन्मले, लग्न केले, मेले, त्यांच्या चर्चमधल्या नोंदींची एक प्रत लंडनला यायची. बंगालची मालिका ‘एन १’, मद्रासची ‘एन २’, मुंबईची ‘एन ३’. दोन प्रती करायची ही सरकारी सवय लोक हसण्यावारी नेतात. मी नेत नाही. एक प्रत वाळवीनं खाल्ली तरी दुसरी असते.

आम्हाला हवी होती दफनाची नोंद, ऑगस्ट १९१६. खडकी, पुणे, कुलाबा शोधलं. नाही. मग म्हटलं, बसऱ्याहून आजारी शिपाई रुग्णालयाच्या जहाजातून मुंबईला उतरायचे आणि तिथून गाडीनं कसाऱ्याचा घाट चढून जायचे. घाटावर पहिलं मोठं लष्करी ठाणं कुठलं? देवळाली.

तिथे होते. ओळ एकच. हुद्दा, पलटण, वय बावीस. मृत्यू आणि दफन एकाच दिवशी. मृत्यूचं कारण: डिसेंट्री. खाली पाद्र्याची घाईतली सही. त्याच पानावर त्या आठवड्यातल्या आणखी सात ओळी, त्यातल्या पाचांचं कारण तेच.

म्हणजे कुतला पडले नाहीत, खडकीलाही पुरले नाहीत. खडकीत आहे ते नुसतं नाव. भारत आणि पाकिस्तानात विखुरलेल्या ज्या जुन्या दफनभूमींची देखभाल पुढे शक्य नव्हती, तिथल्या अठराशेहून जास्त जणांची नावं आयोगानं खडकीला एकत्र कोरली. माणूस अजून देवळालीच्या मातीत आहे.

“घरी कसं सांगायचं?” जावईबापूंनी विचारलं. शंभर वर्षं घरात रणात पडलेला वीर होता. मी म्हटलं, आहे तसं सांगायचं. हगवणीनं मरणं सोपं असतं असं वाटतं का तुम्हाला?

शुक्रवार

दिवसभर पाऊस. पाय सुजले होते. घरी बसून पिठलं-भात केला.

शनिवार, सॉमरसेट

पॅडिंग्टनहून टॉन्टनला दोनेक तास. विहीणबाई स्टेशनवर आल्या होत्या. टॉन्टनच्या जुन्या किल्ल्यात जिल्ह्याचं संग्रहालय आहे आणि त्यातच या रेजिमेंटचं दालन. तिथे एक गोष्ट वाचून मी थांबले. २८ फेब्रुवारी १९४८ ला गेटवे ऑफ इंडियाच्या कमानीतून जी शेवटची ब्रिटिश पलटण बोटीवर चढली, ती याच रेजिमेंटची पहिली बटालियन. म्हणजे १९१४ ला यांची एक बटालियन मुंबईला उतरली आणि तेहतीस वर्षांनी दुसरीनं जाताना मुंबईचंच दार ओढून घेतलं. विहीणबाईंना हे माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. शाळेत गेटवेवरचा तो फोटो आम्ही पाहिला होता, पण त्यात कोण चाललंय हे कुणी विचारलं नव्हतं.

त्यांच्या गावात चर्चसमोर दगडी क्रूस आहे. त्यावर अकरा नावं, आडनावाच्या क्रमानं, हुद्द्याशिवाय. जेमतेम दोनशे उंबऱ्यांचं गाव. विहीणबाईंनी एका नावावर बोट ठेवलं आणि उरलेल्या दहांपैकी सहांची घरंही दाखवली. आज त्यातल्या एका घरात लंडनकर सुट्टीला येतात.

संध्याकाळी चहाला बसलो. शेजारच्या एका म्हाताऱ्याबद्दल त्या म्हणाल्या की तो हल्ली अगदी ‘डूलॅली’ झालाय. म्हणजे डोक्यावर परिणाम झालाय. मी कप खाली ठेवला. हा शब्द देवळालीचा. १८६१ पासून तिथे लष्कराची छावणी. मुदत संपलेले शिपाई बोटीची वाट बघत तिथे महिनोन्महिने उन्हात पडून राहायचे आणि त्यांचं डोकं फिरायचं. त्याला गोरे ‘डूलॅली टॅप’ म्हणू लागले, आणि टॅप म्हणजे आपला ताप. विहीणबाई जन्मभर हा शब्द वापरत आल्या होत्या. त्यांच्या आजोबांचा भाऊ त्याच शब्दात पुरलाय हे त्यांना त्या संध्याकाळी कळलं.

मग जावयांनी दफनाच्या नोंदीची प्रत पुढे ठेवली. त्यांनी चष्मा लावून ती ओळ वाचली. परत वाचली. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मला वाटलं, आता रडतील. त्या उठल्या, ती तबकडी धुतली, फडक्यानं कोरडी केली, ब्रिटानियाच्या नाकावरचा चहाचा डाग नखानं काढला. आता ती भिंतीवर टांगणार असं मी धरून चालले होते. त्यांनी ती होती तिथेच ठेवली आणि वर किटली. म्हणाल्या, “बावीस वर्षांचा होता. त्याला ऊब बरी.”

रविवारी परतलो. जाताना त्यांनी विचारलं, देवळाली तुमच्याकडून किती लांब? मी म्हटलं, नाशिकच्या अलीकडे, पाचेक तास. त्यांनी कॅलेंडरवर डिसेंबरचं पान काढून काहीतरी खूण केली.

जूनमधला एक सोमवार, खडकी

पुण्यात आल्यावर आठ दिवस पाहुणे आणि जेट लॅगमध्ये गेले. मग सकाळीच रिक्षा करून गेले. आत दुसऱ्या महायुद्धातल्या १,६६८ थडग्यांच्या रांगा, कापलेली हिरवळ, कोपऱ्यात पाइपनं पाणी घालणारा माळी. पलीकडून रस्त्याच्या हॉर्नचा आवाज येत होता, पण आत शिरताच तो कुणीतरी उशीखाली दाबल्यासारखा झाला.

पहिल्या महायुद्धाची नावं स्मारकावर आहेत. नाव शोधायची रीत एव्हाना मला पाठ झाली होती: आधी रेजिमेंट, मग हुद्दा, मग आडनाव. तरी वीस मिनिटं लागली, कारण ते माझ्या उंचीच्या पार वर होतं. मला ‘सॉमरसेट’ एवढं दिसत होतं, पुढचं ऊन डोळ्यांत आल्यामुळे वाचता येईना. मोबाइल उंच धरून तीन फोटो काढले, तिन्ही हलले.

माळी पाइप टाकून आला. “कुणाचं नाव बघताय, ताई?”

मी दाखवलं.

“तुमचे कोण?”

जावयाच्या आईच्या आजोबांचे धाकटे भाऊ. मी बोटांवर मोजत सांगितलं. त्यानं भुवया आवळून मनाशी हिशेब केला, एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा भिंतीकडे.

“म्हणजे व्याह्यांकडचे,” तो म्हणाला आणि शेडमधून शिडी आणायला गेला.